परिहारांचा हिशेब

तुमच्या घरात लग्नाच्या वयाचं कुणी असेल, तर एडिसनहून सॅन होजेला किंवा ह्यूस्टनहून शिकागोला होणारे ते फोन तुमच्या ओळखीचे असतील. शिक्षण, नोकरी, ग्रीन कार्ड, घरात मांसाहार चालतो का, इथपर्यंत सगळं मोकळेपणाने बोलून होतं. मग आवाज जरा खाली येतो. "आमचा तसा फारसा विश्वास नाही हो, पण पत्रिका पाठवता का? सासूबाईंच्या समाधानासाठी." सासूबाई डोंबिवलीत असतात, आणि पुष्कळदा त्यांना यातलं काहीच ठाऊक नसतं.

"तसा फारसा नाही" हा विश्वास मोठा चिवट असतो. ज्याचा पूर्ण विश्वास आहे त्याच्याशी वाद घालता येतो. ज्याचा "तसा फारसा नाही" त्याच्याशी काय बोलणार? तो आधीच तुमच्या बाजूला येऊन बसलेला असतो, आणि तरीही एकनाड निघाली म्हणून स्थळ नाकारतो. नाकारल्या गेलेल्या मुलीला मात्र हा विश्वास अर्धा होता की पुरा, याने काही फरक पडत नाही.

मला लिहायचं आहे ते एका निबंधाबद्दल. मार्च २००९मध्ये बंगळुरूच्या 'करंट सायन्स' या नियतकालिकात तो आला. इंग्रजीत आहे आणि जेमतेम तीन पानांचा. लेखक चार: जयंत नारळीकर, पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागातले सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिष शिकून मग त्याचे चिकित्सक झालेले प्रकाश घाटपांडे. फलज्योतिषाची संख्याशास्त्रीय चाचणी हा त्याचा विषय. आपल्याकडे या निबंधाचं नाव पुष्कळांनी ऐकलेलं असतं. "नारळीकरांनी सिद्ध केलं ना, ज्योतिष खोटं आहे म्हणून!" असं एक बाजू म्हणते. "नारळीकरांना ज्योतिषातलं काय कळतं?" असं दुसरी. निबंध उघडून वाचलेला माणूस दोन्ही बाजूंना विरळा. मे २०२५मध्ये नारळीकर गेले, तेव्हा इथल्या मंडळांतून श्रद्धांजल्या पुष्कळ झाल्या, पण त्यांत 'यक्षांची देणगी'च जास्त होती. ते योग्यच होतं, तरी हा छोटा निबंधही वाचायला हवा, आणि टीकाकाराच्या नजरेने वाचायला हवा.

प्रयोग असा होता. बुद्धी पत्रिकेत दिसते, पंचमस्थान बघावं, असं ज्योतिषाची पुस्तकं सांगतात. तेव्हा दोन टोकं घेतली. शंभर हुशार मुलं आणि शंभर, त्या वेळच्या शब्दांत, मतिमंद मुलं. अंनिसच्या कार्यकर्त्यांनी त्यांच्या जन्माच्या वेळा आणि ठिकाणं गोळा केली, त्यांवरून दोनशे पत्रिका तयार झाल्या, त्यांना सांकेतिक क्रमांक दिले आणि कुठली पत्रिका कोणत्या गटातली याची किल्ली बाजूला ठेवली. मे २००८मध्ये पुण्यात पत्रकार परिषद घेऊन ज्योतिषांना जाहीर आमंत्रण दिलं. प्रत्येकाला चाळीस पत्रिका मिळणार आणि प्रत्येक पत्रिकेपुढे हुशार की मतिमंद एवढंच लिहायचं. नुसता छापा-काटा केला तरी चाळीसांत वीस बरोबर यायला हवेत. अठ्ठावीस बरोबर आले तर ज्योतिषी उत्तीर्ण, हे आधीच ठरलेलं होतं.

एकावन्न ज्योतिषांनी पत्रिका मागवल्या, सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. सगळ्यांत जास्त गुण मिळवणाऱ्याचे चोवीस बरोबर आले. सगळ्यांची सरासरी वीसच्याही खाली राहिली. एका संस्थेने तर पूर्ण दोनशे पत्रिका तपासायचं धाडस केलं. त्यांचे एकशे दोन बरोबर आले.

मला या निबंधात सगळ्यांत आवडते ती त्या अठ्ठावीसच्या आकड्याची जागा. तो निकालाच्या आधी येतो. आपण रोज जे "पुरावे" देतो त्यांत आकडा नेहमी नंतर येतो. जोशीकाकांनी सांगितलं होतं की नोकरीत बदल होईल, आणि बघा, आठ महिन्यांनी झाला. आठ महिन्यांऐवजी अठरा लागले असते तरी "बघा" तेच राहिलं असतं. कधी झालं नाही तर भाकीत चुकलं म्हणायचं, ही तारीख काका जाताना देऊन गेलेले नसतात आणि आपणही ती मागत नाही.

पण त्या अठ्ठावीसचा हिशेब जरा पुढे नेऊ या. चाळीस वेळा नाणं उडवलं आणि अठ्ठावीस किंवा अधिक वेळा छापा आला, असं व्हायची शक्यता शंभरात एकाहूनही थोडी कमी आहे. एका माणसासाठी ही अट कडक आहे. सत्तावीस जण नाणी उडवत असतील, तर त्यांच्यापैकी निदान एकाचे अठ्ठावीस यायची शक्यता मात्र वीस टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे पाचांत एक. तेव्हा समजा एखाद्या ज्योतिषाला तीस गुण मिळाले असते, तर दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत काय छापून आलं असतं याची कल्पना करा, आणि त्याने सिद्ध किती थोडं झालं असतं याचीही. ज्योतिषांना यश मिळवायला ही चाचणी तशी उदारच होती. सत्तावीस नाण्यांमधलं सगळ्यांत नशीबवान नाणं साधारण पंचवीस-सव्वीसपर्यंत जातं. आपले उत्तम ज्योतिषी चोवीसवर थांबले.

आता दुसरी बाजू. चोवीस जणांनी उत्तरंच पाठवली नाहीत, आणि त्यांत चांगले जाणकार नसतीलच असं निबंध म्हणू शकत नाही. बहिष्काराची हाकही दिली गेली होती. जे आले ते आपण होऊन आले, ज्योतिषांच्या गावातून चिठ्ठ्या टाकून निवडलेले नव्हते. म्हणून "ज्योतिष खोटं ठरलं" हे वाक्य या तीन पानांतून निघत नाही. निघतं ते एवढंच की आलेल्या सत्तावीसांना पत्रिका बघून ही दोन टोकं वेगळी करता आली नाहीत. विवाहाबद्दल, आजाराबद्दल, परदेशगमनाबद्दल या निबंधात अक्षर नाही. नारळीकरांच्या भक्तांनी हे समजून घ्यावं, म्हणजे त्यांचा पक्ष थोडा लहान होईल पण बराच मजबूत होईल.

ज्योतिषांचा मुख्य आक्षेप होता जन्मवेळेचा. वेळ आई-वडिलांनी सांगितलेली, ती चुकलेली असू शकते, आणि मग पत्रिकाच चुकते. आक्षेप पोकळ नाही. लग्नरास साधारण दोन तासांनी बदलते, आणि आपल्या पिढीतल्या पुष्कळांच्या जन्मवेळा "गाईंच्या धारा काढायच्या सुमारास" अशाच नोंदलेल्या आहेत. पण तुम्ही अमेरिकेत आहात. इथे जन्मलेल्या मुलांची वेळ रुग्णालयात मिनिटासकट लिहिली जाते, आणि मोठ्या जन्मदाखल्यावर ती सहसा असते. उन्हाळ्यातला घड्याळाचा एक तास तेवढा वजा करायला विसरू नका म्हणजे झालं.

शिवाय गुणमेलनाला हा आक्षेप जवळजवळ लागूच होत नाही. छत्तीस गुण ज्या आठ गोष्टींचे मिळून होतात (वर्ण १, वश्य २, तारा ३, योनी ४, ग्रहमैत्री ५, गण ६, राशीकूट ७, नाडी ८), त्या सगळ्या चंद्राच्या नक्षत्रावरून आणि राशीवरून निघतात. चंद्र एका नक्षत्रात सुमारे एक दिवस असतो. वेळ अर्ध्या तासाने चुकली तरी बहुतेकांचे गुण तेच राहतात. म्हणजे गुणमेलन हा फलज्योतिषातला सगळ्यांत सहज तपासता येणारा दावा आहे. आकडा ठरलेला, तो काढायची रीत ठरलेली, अठराच्या खाली नको ही रेषाही ठरलेली. जोशीकाकांनी कधी दिली नाही ती तारीख इथे पंचांगातच छापलेली आहे.

पंचांग असं ठाम असताना व्यवहार इतका लवचीक कसा राहतो? परिहारांमुळे. सत्तावीस नक्षत्रं तीन नाड्यांत नऊ-नऊ वाटलेली आहेत. म्हणजे कुठलीही दोन माणसं रस्त्यावरून उचलली तरी तिसऱ्या हिश्श्याने एकनाड निघणार. मंगळ पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी असला की मंगळाची पत्रिका. बारांतली पाच स्थानं झाली, म्हणजे शंभरातल्या चाळीसेक माणसांना मंगळ. नियम इतके सरसकट लावले तर लग्नं व्हायचीच नाहीत. म्हणून मंगळ स्वराशीत असेल तर दोष नाही, नक्षत्र एक पण चरण वेगळे असतील तर नाडीदोष नाही, अशी परिहारांची यादी वाढत जाते. स्थळ आवडलं असेल तर परिहार सापडतो. न आवडलेल्या स्थळाचा परिहार कोण शोधतो? मुलीचं शिक्षण जास्त आहे, रंग सावळा आहे, वडील नाहीत, हे तोंडाने म्हणणं अवघड असतं. "पत्रिका जुळत नाही" हे सोपं. माझ्या मते इथल्या मराठी समाजात पत्रिका टिकून आहे ती श्रद्धेपेक्षा या सोयीमुळे. ही तक्रार ज्योतिषाविरुद्ध नाही, ती आपल्याविरुद्ध आहे.

इथे हे आधी तपासून झालेलं नाही असंही नाही. मिशिगनमध्ये बर्नार्ड सिल्व्हरमन या मानसशास्त्रज्ञाने १९६७ आणि १९६८मध्ये लग्न झालेली २,९७८ जोडपी आणि घटस्फोट झालेली ४७८ जोडपी घेतली. ज्या राशींचं जुळतं असं तिथले ज्योतिषी सांगत, त्या राशींची लग्नं जास्त झाली नव्हती आणि मोडलीही कमी नव्हती. अर्थात त्या राशी सूर्याच्या, आपल्या चंद्राच्या. तेव्हा "ते पाश्चात्त्य ज्योतिष, आपलं वेगळं" हे म्हणायला जागा उरते. कॅलिफोर्नियात शॉन कार्लसनने केलेली चाचणी १९८५च्या डिसेंबरात 'नेचर'मध्ये आली. तिथे प्रयोगाची आखणी ज्योतिषांना आधी दाखवून मान्य करून घेतली होती. एक जन्मपत्रिका द्यायची, सोबत तीन माणसांच्या स्वभावचाचण्यांचे निकाल, आणि पत्रिका कुणाची ते ओळखायचं. निम्म्या वेळा तरी ओळखू, असा त्यांचा अंदाज होता. ओळखलं एकतृतीयांशच्या आसपास, म्हणजे डोळे मिटून निवडल्याइतकं. पुढे या आकडेवारीच्या विश्लेषणावर वाद झाले, आणि ते होऊ शकले कारण आकडे सगळ्यांसमोर होते.

मात्र मोठे प्रयोग आणि मोठी नावं पुढे केली की आपल्याला वाटतं, हे आपलं काम नाही. म्हणून एमिली रोझाची आठवण करून द्यायची आहे. कोलोरॅडोमधली ही नऊ वर्षांची मुलगी. हात न लावता रुग्णाच्या अंगावरून हात फिरवून ऊर्जाक्षेत्र जाणवतं, असं म्हणणारी एक उपचारपद्धती तेव्हा इथल्या परिचारिकांमध्ये पसरली होती. एमिलीने शाळेच्या विज्ञानप्रदर्शनासाठी पुठ्ठ्याचा पडदा उभा केला. उपचारकाने पडद्याच्या भोकांतून दोन्ही हात पलीकडे ठेवायचे, एमिली नाणं उडवून त्यांतल्या एका हातावर आपला हात अधांतरी धरणार, आणि कोणता ते त्याने सांगायचं. एकवीस उपचारक, २८० वेळा. बरोबर उत्तरं १२३, म्हणजे ४४ टक्के. एप्रिल १९९८मध्ये हे अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये छापून आलं तेव्हा ती अकरा वर्षांची होती. तुमच्या मुलांनी सायन्स फेअरसाठी ज्वालामुखी किती वेळा केला आहे?

आता पुन्हा नारळीकरांकडे येतो, कारण त्यांच्यावर टीका करायची तर ती इथे करायला हवी. ज्योतिषांची परीक्षा घेणारा हा माणूस स्वतः आयुष्यभर एका अशा मताच्या बाजूने उभा होता, जे त्याच्या बहुतेक सहकाऱ्यांच्या मते पुराव्याने मोडीत निघालं होतं. आणि तो पुरावा तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरापासून जवळच सापडला. एडिसनहून पार्कवेने अर्ध्या-पाऊण तासात तुम्ही होल्मडेलला पोचता. तिथल्या क्रॉफर्ड हिलवर बेल लॅब्जची कर्ण्यासारखी अँटेना आहे. १९६४-६५मध्ये आर्नो पेन्झिअस आणि रॉबर्ट विल्सन यांना तिच्यात एक खरखर ऐकू येई. कबुतरांची घरटी काढली, विष्ठा साफ केली, तरी खरखर जाईना. सगळ्या दिशांकडून सारखी येणारी ती साडेतीन अंश केल्व्हिनच्या आसपासची ऊब म्हणजे विश्वाच्या तप्त आरंभाची खूण, असं ठरलं. १९७८मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

फ्रेड हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी १९४८मध्ये मांडलेल्या स्थिर-स्थिती विश्वाला आरंभच नव्हता. हॉइल नारळीकरांचे गुरू. १९६५मध्ये खुद्द हॉइल यांनी सिद्धान्त सोडून द्यावा लागेल अशा आशयाचं लिहिलं, आणि मग मागे फिरले. १९९३मध्ये हॉइल, बर्बिज आणि नारळीकर यांनी सुधारलेलं रूप मांडलं. विश्व अनादि, पण आळीपाळीने प्रसरण-आकुंचन पावणारं. मग ती होल्मडेलची खरखर कुठून आली? ताऱ्यांच्या जुन्या प्रकाशातून. तो प्रकाश अवकाशातल्या लोखंडाच्या अतिसूक्ष्म सुयांनी शोषून पुन्हा बाहेर टाकला आणि त्यामुळे सगळीकडे एकसारखा झाला.

लोखंडाच्या सुया! हे ऐकताना तुम्हाला परिहार आठवला नाही? मला आठवला. मंगळ स्वराशीत, म्हणून दोष नाही. अवकाशात सुया, म्हणून महास्फोट नाही. नारळीकरांच्या मराठी चाहत्यांनी या गोष्टीकडे फार प्रेमाने पाहिलं आहे, "प्रवाहाविरुद्ध पोहणारा" वगैरे म्हणत. प्रवाहाविरुद्ध पोहणं हा गुण नाही. प्रवाह बरोबर दिशेने जात असेल तर तो नुसता व्यायाम असतो. विश्वरचनाशास्त्रात नारळीकरांची बाजू हरली, असं म्हणायला आपण कचरू नये.

पण दोन परिहारांत फरक आहे, आणि तो माणसांच्या स्वभावात शोधू नये. हट्ट दोघांकडे असतो. फरक असा की सुयांची लांबी किती, जाडी किती, घनता किती, त्यांमुळे दूरच्या आकाशगंगा कोणत्या तरंगलांबीत किती अंधूक दिसतील, हे सगळं सुया मांडणाऱ्यांना कागदावर लिहून द्यावं लागलं. मग लॉस अँजेलिसच्या विद्यापीठातले एडवर्ड राइट यांच्यासारखे लोक ते कागद घेऊन बसले, आकडेमोड केली आणि हे निरीक्षणांशी बसत नाही असं छापून सांगितलं. नारळीकरांनी उत्तर दिलं. पुन्हा आकडे. प्रत्येक परिहाराची किंमत मोजावी लागत होती, कारण एक दोष टाळायला घेतलेली सुई दुसरीकडे टोचते की नाही हे तपासायला माणसं टपलेली होती. मंगळाच्या परिहाराची अशी किंमत कुणी कधी मोजत नाही. परिहार लावून झालेली लग्नं आणि न लावता झालेली लग्नं यांची वही कुणी ठेवलेली नाही.

नारळीकर स्वतः ही किंमत मोजायला तयार असत, याचा एक दाखला देतो. जीवसृष्टीची बीजं अवकाशातून येतात, हे हॉइल यांचं आणखी एक लाडकं मत. ते तपासायला नारळीकरांच्या पुढाकाराने २००१ आणि २००५मध्ये हैदराबादहून फुगे सोडून वरच्या वातावरणातली हवा गोळा केली गेली. २००५च्या नमुन्यांत जिवाणूंच्या तीन नव्या जाती सापडल्या, त्यांतल्या एकीला हॉइल यांचं नाव दिलं. मोह केवढा असेल! तरी २००९च्या जाहीर निवेदनात, हे जिवाणू पृथ्वीबाहेरचेच असं यावरून ठरत नाही, हे वाक्य होतं. ज्योतिषांच्या निकालावर लिहिणारा आणि हे वाक्य मान्य करणारा माणूस एकच, आणि दोन्ही गोष्टी त्याच वर्षातल्या.

पुरावा कशाचा, याबाबत आपला गोंधळ ज्योतिषापुरताच नाही. हळदीचं घ्या. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट १९९५मध्ये मिसिसिपी विद्यापीठाला मिळालं आणि १९९७मध्ये माशेलकरांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआरने ते रद्द करून घेतलं. अभिमान वाटावा अशीच ती लढाई. पण इथल्या कुठल्याही दिवाळी फराळाला विचारा, "अमेरिकेनेच मान्य केलं ना हळद औषधी आहे म्हणून!" असं ऐकू येईल. पेटंट ऑफिसने मान्य केलं ते एवढंच की ही कल्पना नवी नाही, भारतात ती आधीपासून लिहून ठेवलेली आहे. जुनी असणं आणि खरी असणं हे दोन वेगळे दावे आहेत, त्यांचे पुरावेही वेगळे. हळदीतल्या कर्क्युमिनवर माणसांत १२०हून अधिक चाचण्या झाल्यानंतर २०१७मध्ये मिनेसोटाच्या संशोधकांनी त्यांचा आढावा घेतला, आणि दोन्हीकडून झाकलेली, तुलनेसाठी खोटं औषध ठेवलेली एकही चाचणी यशस्वी ठरलेली नाही असं लिहिलं. फोडणीत हळद घालायला याने काही अडचण येत नाही.

तर गुणमेलन. पुण्यात राहिलेला प्रयोग आपल्याला इथे करता येण्यासारखा आहे. आपल्याकडे मिनिटापर्यंतच्या जन्मवेळा आहेत. पत्रिका पाहून झालेली लग्नं आहेत, न पाहता झालेलीही भरपूर आहेत, आणि न पाहता झालेल्यांचे गुण आज एका क्लिकसरशी काढता येतात. दोघांना कधीच न कळलेला आकडा, म्हणजे त्या आकड्याचा मनावर झालेला परिणामही बाजूला पडला. समजा अठराच्या खालच्या जोडप्यांत मोडण्याचं प्रमाण दुप्पट असेल, दहा टक्क्यांऐवजी वीस, तर तेवढा फरक पकडायला दोन्ही गटांत साधारण दोनशे-दोनशे जोडपी पुरतात. एका अधिवेशनाच्या जेवणाच्या रांगेत याहून जास्त उभी असतात. अठराची रेषा आधी लिहून ठेवायची, कोणती लग्नं मोडली म्हणायची ते आधी लिहून ठेवायचं, परिहार लावायचे असतील तर कोणते तेही ज्योतिषांकडून आधीच लिहून घ्यायचं, आणि गुण काढणाऱ्याला लग्नाचं काय झालं ते सांगायचं नाही.

जन्मवेळ लोक देतील. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, तुमचं कसं चाललंय, हे आपल्यापैकी कोण खरं लिहून देईल, एवढीच अडचण दिसते.